एक जुलैवाले

सत्य एकच असतं आणि ते एकाच जागी नोंदलेलं असावं. हे वाक्य मी बुलडाण्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या सभागृहात पांढऱ्या फळ्यावर निळ्या शाईनं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. समोर संस्थेचे नऊ मुख्याध्यापक बसले होते. त्यांतल्या दोघांनी ते वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली, आणि उरलेलं सत्य दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरलं.

मी तेव्हा पुण्याहून नुकताच परतलो होतो. परतलो म्हणजे ज्या कंपनीत होतो तिनं आमचा अख्खा मजला रिकामा केला. गावाकडं मात्र मी पुणं सोडून मातीसाठी आलो अशी बातमी पसरली. ती खोडून काढण्याची मला गरज वाटली नाही. संस्थेनं मला संगणक सल्लागार नेमलं. काम एकच होतं. संस्थेकडं 'दाखला' नावाचा एक प्रोग्राम होता, तो साफ करून नवा करायचा.

हा प्रोग्राम शाळा सोडल्याचे दाखले छापायचा. संस्थेच्या शाळा मोताळ्याकडून मेहकरापर्यंत पसरलेल्या. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या काळात निघालेल्या, तेव्हापासूनच्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात होती. ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला ते संस्थेतलेच गणिताचे शिक्षक, तेव्हा निवृत्त झालेले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणून प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं. संस्थेच्या कचेरीत विंडोजचे संगणक होते आणि शाळांना सरकारकडून आलेले संगणक लिनक्सचे. प्रोग्राम दोन्हीकडं चालायला हवा होता. गुरुजींनी तो चालवून दाखवला होता, आठ-नऊ वर्षं.

कसा चालवला ते मी पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. सगळा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये. प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिलेली, एकदा विंडोजसाठी, एकदा लिनक्ससाठी. फोल्डरांच्या नावांमध्ये विंडोज उलटी तिरपी रेघ मागतं आणि लिनक्स सुलटी, म्हणून गुरुजींनी सगळे पत्ते दोन्ही प्रकारांनी लिहून ठेवले होते. लिनक्सवर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसे, म्हणून दीड पान मजकूर फक्त रफार उचलून जागेवर ठेवण्यासाठी. डोणगावकडच्या शाळेतला प्रिंटर कागद अर्धा इंच तिरका ओढायचा, तर त्या एका प्रिंटरसाठी समास सरकवणाऱ्या ओळी. माहिती धरून ठेवणाऱ्या चलांची नावं मुलगा१, मुलगा२, मुलगा२नवा, मुलगा२नवाखरा. आणि जागोजागी गुरुजींच्या सूचना: 'हे असेच राहू द्यावे', 'मार्चमध्ये पाहणे', 'विचारल्याशिवाय काढू नये'.

गुरुजी माझ्या खोलीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत. मी विचारायला गेलो नाही. दुसऱ्याचा कोड साफ करणाऱ्या माणसाला लेखकाला भेटणं नको असतं. एकदा भेट झाली की त्या ओळींना चेहरा येतो आणि मग हात आखडतो. मी त्याला कामाची शिस्त म्हणायचो.

काम मी चांगलं केलं, हे आजही सांगतो. एका फाइलच्या बावीस केल्या. दोनदा लिहिलेलं सगळं एकदा लिहिलं. रफार नव्या फाँटनं आपोआप जागेवर बसला. तिरक्या प्रिंटरच्या ओळी काढल्या आणि प्रिंटर सरळ करून घेतला, जे आधी कुणाला सुचलं नव्हतं. सात हजार ओळींचं अडीच हजारांवर आलं. दोन्हीकडं एकच प्रोग्राम, एकच चेहरा.

राहिल्या होत्या दुबार नोंदी. गुरुजींनी जुनी रजिस्टरं स्वतः टंकली होती, काही कचेरीतल्या विंडोजवर, काही शाळेतल्या लिनक्सवर, आणि मग दोन्ही एकत्र केली होती. त्यामुळं पुष्कळ मुलं दोनदा आली होती. त्यांनी एकत्र करताना एक विचित्र अट घातली होती. दोन नोंदींत नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख सगळं जुळलं तर एक काढायची, पण जन्मतारीख एक जुलै असेल तर काढायची नाही, आधी 'खूण' पाहायची. 'खूण' हा एक रकाना होता. बहुतेक ठिकाणी रिकामा, काही ठिकाणी 'नदीकडचा', 'मळ्यातला', 'भुवईवर वण' असं काहीतरी. दाखल्याच्या सरकारी नमुन्यात असा रकाना नाही. अटीच्या वर सूचना होती: 'एक जुलैवाल्यांसाठी. विचारल्याशिवाय काढू नये.'

एक जुलैवाले कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात आईबाप मुलाला शाळेत घेऊन येत, तेव्हा मास्तर विचारत, कधीचा हो हा? उत्तर येई की ज्या साली विहीर खचली त्या सालचा, किंवा पोळ्याच्या आधीचा. मास्तर मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहत. हात कानाला पोचला की मूल सहा वर्षांचं. मग चालू सालातून सहा वजा करून तारीख एक जुलै. शाळा तेव्हाच उघडत, हिशेब सोपा पडे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जुलै होती. माझीही तीच आहे. पुण्यात एकदा कंपनीनं माझा वाढदिवस केक कापून साजरा केला, तेव्हा मी तो निमूटपणे कापला.

तर हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं ती अट वाचली, आणि ठरवलं की माहिती गचाळ आहे म्हणून काही प्रोग्राम गचाळ ठेवायचा नसतो. अट काढली. 'खूण' रकाना नमुन्यात नाही म्हणून तोही काढला. दाखल क्रमांक जुन्या नोंदींत कित्येकदा कोरे होते, म्हणून जुळणीत तेही धरले नाहीत. दोन जुळणाऱ्या नोंदींतली कोणती ठेवायची यासाठी मी नियम केला की जिचे रकाने जास्त भरलेले ती. नियम मला फार सुबक वाटला होता.

लोकार्पण दणक्यात झालं. संगणकाला झेंडूचा हार घातला होता. कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, त्यामुळं पुढं वर्षभर त्यावरची दोन बटणं अडकत. नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला आणि पाणी तारांत जाऊ नये म्हणून शिपायानं आपली टोपी मध्ये धरली. मोठे पाहुणे होते, त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही, कारण त्यांनी दाबलं ते पडद्याचंच बटण होतं. टाळ्या मात्र झाल्या. मग मला बोलायला सांगितलं आणि मी बोललो. सात हजार ओळींचा कचरा काढून आपण अडीच हजार शुद्ध ओळींवर आलो, असं मी म्हणालो. गुरुजी तिसऱ्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं आणि सूत्रसंचालकानं त्यांचा उल्लेख 'आपले जुने' असा केला.

दुसऱ्या दिवशी मी एक परिपत्रक लिहिलं, अध्यक्षांनी सही केली. जुना प्रोग्राम आणि जुनी माहिती कुणीही, कुठंही ठेवू नये, असल्यास नष्ट करून तसं लेखी कळवावं. दोन जागी दोन सत्यं राहिली की गोंधळ होतो, हे कारण मीच त्यात घातलं. नऊ शाळांनी कळवलं. दहावं पत्र गुरुजींचं होतं, त्यांच्या तिरप्या सुंदर अक्षरात. माझ्याकडील सर्व प्रती नष्ट केल्या आहेत, कळावे.

आठ-नऊ महिने गेले. मार्चच्या सुरुवातीला धामणगाव बढ्याकडून एक माणूस आला. काळासावळा, सडसडीत, पन्नाशीला टेकलेला, पायजमा गुडघ्याशी मातकटलेला. वीस वर्षं एका सरकारी खात्यात रोजंदारीवर होता. आता खात्यानं अशा लोकांना कायम करायचं काढलं होतं. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला हवा होता, दुसरा चालणार नव्हता, आणि यादी महिन्याच्या पंधरा तारखेला नागपूरला जाणार होती. हातात बारा दिवस होते. ते बारा दिवस चुकले की त्याच्या वयाला पुन्हा संधी नव्हती.

कचेरीतल्या कारकुनानं नाव टाकलं, दाखला छापला, शिक्का मारायला घेतला आणि थांबला. मग मला हाक मारली. दाखल्यावर नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, जन्मतारीख एक जुलै. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात लिहिलं होतं: मयत.

त्या माणसाला वाचता येत होतं. त्यानं कागद दोन्ही हातांनी धरून सावकाश वाचला.

"साहेब," तो म्हणाला, "म्या तं चवथीपर्यंत शिकलो. मंग मेलो कवा?"

कारकून हसला. तो माणूसही हसला, कारण कचेरीत साहेब लोक हसले की हसायचं असतं. मी म्हणालो, टंकताना चूक झाली असेल, दोन दिवसांनी या.

मला तोवर कळलं होतं. मी नोंदी काढून पाहिल्या. त्या वर्षी त्या शाळेत एकसष्ट दाखल क्रमांकाला हे नाव होतं. अठ्ठ्याहत्तर क्रमांक नव्हताच. सत्त्याहत्तरनंतर एकदम एकोणऐंशी. मग मी इतर वर्षं पाहिली, इतर शाळा पाहिल्या. क्रमांकांच्या रांगेत ठिकठिकाणी दात पडल्यासारख्या फटी होत्या. मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढं गेल्यावर थांबलो. एकाच गावात एकाच भाऊकीत तेच नाव आणि तेच बापाचं नाव असलेली दोन पोरं एकाच वर्षी शाळेत आली, मास्तरनं दोघांचा हात कानाला लावून पाहिला आणि दोघांना तीच तारीख दिली. एक लहानपणी वारला. दुसरा चौथीनंतर दाखला न घेताच रानात गेला, म्हणून त्याचे पुढचे रकाने कोरे. माझ्या नियमानं जास्त भरलेली नोंद ठेवली. मेलेल्या माणसाची नोंद नेहमीच जास्त भरलेली असते.

कागदाचं मूळ रजिस्टर मागवलं तर कळलं की त्या शाळेची खोली गळून त्या काळातली सगळी रजिस्टरं लगदा झाली होती, गुरुजींनी ती टंकल्यानंतर दोनच वर्षांनी. म्हणजे त्या पोराची जगात एकच नोंद उरली होती आणि ती माझ्या हातून गेली होती.

यानंतर सरळ मार्ग एकच होता, अध्यक्षांकडं जाऊन चूक माझी आहे असं सांगायचं. मी पाच दिवस ते केलं नाही. पाच दिवस मी जुन्या सीड्या धुंडाळल्या, शाळाशाळांतून फोन केले, की परिपत्रक न पाळणारा एखादा बेशिस्त माणूस निघेल. एकही निघाला नाही. आपल्याकडं कुठलंच परिपत्रक कुणी पाळत नाही असा माझा अनुभव होता, पण माझं पाळलं गेलं होतं.

तो माणूस दरम्यान दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

सहाव्या दिवशी मी गुरुजींकडं गेलो. ते ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"टेकाडावरचा अन् नदीकडचा," ते म्हणाले. "दोघायले म्याच दाखल केलं होतं. पह्यल्या वर्षीची नोकरी होती माझी. टेकाडावरचा तिसरीत तापानं गेला. हा नदीकडचा. खूण लिहून ठेवली होती त्याच्यासाठीच."

मी विचारलं, गुरुजी, कुठं एखादी प्रत राहिली असेल का. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखाद्या पोरानं पाढा चुकवावा तसं.

"तुमचंच पत्र होतं ना, इंजिनिअर साहेब? चुलीत घातल्या."

मग मी विचारू नये ते विचारलं. नोंद मी अर्ध्या मिनिटात पुन्हा घालू शकतो, अठ्ठ्याहत्तर क्रमांकाला, तुम्ही सांगाल तशी. ते म्हणाले की घाला, पण उद्या कुणी विचारलं हे कशावरून, तर कशावरून सांगाल? मी म्हणालो, तुमच्या आठवणीवरून. ते म्हणाले, मंग तसं कागदावर लिहा, अन् अध्यक्षांची सही घ्या. त्यांनी स्वतः एक पान लिहून दिलं, त्या सालची दोन्ही पोरं, त्यांच्या बापांची घरं कुठं होती, कोण कधी वारला. खाली सही, तारीख. दाराशी आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "विचारलं असतं तं सांगतलं असतं."

अध्यक्षांना संस्थेत सगळे भाऊ म्हणत. मी गुरुजींचं पान आणि माझं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. माझ्या पत्रात चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. भाऊंनी दोन्ही वाचली. मग भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. त्यात पाहुणे बटण दाबत होते आणि मी बाजूला हात बांधून उभा होतो.

भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं. लोकार्पण झालेल्या वस्तूत चूक निघाली असं संस्थेनं लेखी देणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. आज एकाला दिलं तर उद्या चाळीस येतील. गुरुजी म्हातारे झाले, त्यांच्या आठवणीवर संस्था चालत नाही. आणि नोंद दुरुस्त करायला वरच्या कचेरीचा आदेश लागतो, वरची कचेरी मूळ रजिस्टर मागते, आणि मूळ रजिस्टर गळक्या खोलीत गेलं हे लेखी दिलं तर वेगळंच प्रकरण उभं राहील. मी म्हणालो, माणूस जिवंत आहे, बाहेर बाकावर बसला आहे. भाऊ म्हणाले, "तो जित्ता हाये हे मलेही दिसून राह्यलं. कागदावर दिसाले पाह्यजे."

शिक्का त्यांच्या टेबलाच्या खणात होता. मला अजूनही कधी कधी वाटतं की पाच दिवस आधी आलो असतो तर काही वेगळं झालं असतं. वरच्या कचेरीत जाऊन बसता आलं असतं, कुणी ओळखीचं निघालं असतं. बहुधा नसतं झालं. पण तो विचार करण्याचा हक्क मी पाच दिवसांत गमावला.

मी त्या माणसाला माझं पत्र आणि गुरुजींचं पान दिलं. तो ती घेऊन खात्यात गेला. तिथल्या बाबूनं दोन्ही वाचली, चांगली आहेत म्हणाला, आणि शिक्का कुठं आहे असं विचारलं. पंधरा तारखेला यादी नागपूरला गेली. त्याच्या गावच्या दुसऱ्या दोघांची नावं होती. ते दोघंही एक जुलैवाले होते, पण त्यांची नावं जरा वेगळी होती.

एप्रिलमध्ये तो एकदा कचेरीत आला. मला वाटलं शिव्या द्यायला आला असेल, आणि खरं तर मला ते बरं वाटलं असतं. पण त्याला तो पहिला छापलेला दाखला हवा होता, मयत लिहिलेला. शिक्का नसला तरी चालेल म्हणाला. मी विचारलं, तो कशाला.

"राहू द्या जवळ," तो म्हणाला. "पुढं लागनच. तवा पोराईले इतल्या चकरा नको."

त्यानं कागदाची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि देऊळघाटच्या फाट्यापर्यंत सोडाल का असं विचारलं. तिथून त्याला एक ट्रक मिळणार होता. मी त्याला मोटारसायकलवर सोडलं. वाटेत तो यंदाच्या हरभऱ्याबद्दल बोलला.

गुरुजी पुढच्याच वर्षी गेले. शोकसभेत भाऊंनी त्यांना संगणक युगाचे भगीरथ म्हटलं. मी त्याच्या आधीच प्रोग्राममध्ये 'खूण' रकाना परत घातला होता आणि ती अटही, गुरुजींची सूचना जशीच्या तशी ठेवून. परत घातलेला रकाना अर्थात सगळीकडं कोरा आहे. त्यात काय होतं ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडं जाऊन बसायला माझ्याजवळ दहा मिनिटांचा रस्ता आणि जवळपास दोन वर्षं होती.

मी संस्था सोडली, पण प्रोग्राम तिथं अजून चालतो. अठ्ठ्याहत्तर क्रमांक नाही. एकसष्टवर शाळा सोडल्याचे कारण मयत आहे, आणि विंडोज असो की लिनक्स, दोन्हीकडं ते अगदी एकसारखं छापलं जातं.